टेलरबाईंनी शिवलेला व्हिडिओ

टेलरबाईंच्या हातून चाळीस वर्षांत एकही कपडा बिघडला नाही. हे त्या स्वतःच सांगतात, तेव्हा शंका घेण्यात अर्थ नाही. कपडा घट्ट झाला तर कापड आटलेलं असतं. सैल झाला तर गिऱ्हाईक वाळलेलं असतं. एक बाही लांब आणि एक आखूड झाली, तर त्या माणसाचे हातच तसे असतात, आणि देवाने माप नीट घेतलं नाही त्याला टेलरबाई काय करणार? 'चुकलं' हा शब्द त्यांच्या दुकानात अजून कुणी ऐकलेला नाही. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. दोन मशिनं, कापायचं लांबरुंद टेबल, खिळ्यांना अडकवलेले शाळेचे गणवेश आणि एक उभा आरसा, ज्यात प्रत्येक गिऱ्हाईक जरा बारीक दिसतं.

मागच्या खोलीत पोस्टमास्तर असतात. पोस्टमास्तर म्हणजे टेलरबाईंचे यजमान. नोकरीत ते कधी पोस्टमास्तर नव्हते. तीस वर्षं त्यांनी पत्रं निवडून ज्या त्या खणात टाकली. निवृत्त झाल्यावर गल्लीने त्यांना परस्पर बढती दिली आणि त्यांनीही ती नाकारली नाही. बायकोशी वाद घालायचा नाही हे धोरण त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात ठरवलं. पहिल्या आठवड्यात काय झालं, ते सांगत नाहीत.

तर अशा या टेलरबाईंचं एका माणसाशी चार वर्षं बोलणं बंद होतं, आणि ते माणूस म्हणजे त्यांची सख्खी धाकटी बहीण. धाकटी म्हणायचं आपलं नात्यापुरतं. वय अठ्ठावन्न, एका मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका, आठशे मुलं तिच्यासमोर श्वाससुद्धा विचारून घेतात. भांडणाचं मूळ एक काळा कोट. ती मुख्याध्यापिका झाली तेव्हा टेलरबाईंनी जीव ओतून तो शिवून दिला होता. चार महिन्यांनी त्या गणवेशांचे गठ्ठे पोचवायला शाळेत गेल्या, तेव्हा धाकटी तोच कोट घालून समोरून आली. दुसऱ्या कुणाला काही दिसलं नसतं. टेलरबाईंना काखेपासून कमरेपर्यंतची टीप दिसली, आणि ती टीप त्यांची नव्हती. दोऱ्याचा काळा वेगळा होता. बँकेसमोरच्या टेलरकडून कोट सैल करून घेतलेला होता.

म्हणजे परक्या माणसाने आपली शिवण उसवली, आत आपणच ठेवलेलं जादा कापड वापरलं, आणि आपल्या बहिणीने त्याला ते करू दिलं. टेलरबाईंनी तिथल्या तिथे, व्हरांड्यात, विचारलं. म्हणाल्या, कापड आटलं होतं तर माझ्याकडे यायचं. धाकटी म्हणाली, कापड आटलं नव्हतं. बस, एवढंच. त्यानंतर दोघींनी एकमेकींना फोन केला नाही. गणवेश पोचवायला पोस्टमास्तर जायला लागले.

दोघींची आई मधल्या भावाकडे राहते. भावाचं चष्म्यांचं दुकान आहे. जगाला स्पष्ट दाखवणं हा त्याचा धंदा, पण घरात मात्र आपल्याला काहीच दिसत नाही असं तो वागतो. दोन बहिणींच्या मधे जन्मलेल्या माणसाला दुसरा इलाज नसतो. आई ऐंशीची व्हायला आली, तेव्हा त्याने तिला विचारलं की वाढदिवसाला काय हवं.

आई म्हणाली, "मला दोघींना एका खोलीत बघायचंय. एकदाच. नव्वदीला पुन्हा मागणार नाही."

भावाने दोन्हीकडे फोन केले. टेलरबाई म्हणाल्या, मी येणारच आहे, माझी आई आहे, तिला यायचं तर तिने यावं, मी काय दार अडवून उभी आहे? धाकटी म्हणाली, ताई गेली की कळव, मग येते. भावाने चार दिवस डोकं खाजवलं आणि चष्म्याच्या डॉक्टरसारखी वेळ वाटून दिली. चार ते सहा ताई, सहानंतर धाकटी. आईच्या मागणीवर तोडगा म्हणून त्याने व्हिडिओची टूम काढली. सगळ्यांनी फोनवर एकेक मिनिट शुभेच्छा बोलून पाठवायच्या, त्या जोडायच्या आणि टीव्हीवर लावायच्या. खोलीत नाहीत तर नाही, टीव्हीत तरी दोघी एकत्र दिसतील. याला तोडगा म्हणायचं की पळवाट, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

टेलरबाईंना मनातून काय वाटत होतं, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्यांना धाकटीची रोज आठवण येत होती. कुठल्याही कोटाच्या काखेत टाचण्या लावताना यायची, आणि कोट तर आठवड्याला दोन-तीन येतातच. पण दोरा तिने तोडला, तर गाठही तिनेच मारायची, असं त्यांनी एकदा तोंडाने म्हटलं होतं, आणि म्हटलेलं मागे घेणं हे चुकलं म्हणण्याच्या फार जवळ जातं. आईचा वाढदिवस हा एकच मोका होता. तो गेला तर पुढचा मोका कुठल्या प्रसंगी येईल, हे त्यांना कळत होतं आणि त्याचा विचार त्या करत नव्हत्या.

व्हिडिओ जोडायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. भाऊ म्हणाला, ताई, ते कॉम्प्युटरवर असतं. टेलरबाईंनी विचारलं, त्यात करायचं काय असतं? भाऊ म्हणाला, नको तिथलं कापायचं आणि हवं ते जोडायचं. मग मी चाळीस वर्षं दुसरं काय केलं, असं टेलरबाई म्हणाल्या आणि विषय संपला. भावाने दुकानातला एक जुना कॉम्प्युटर आणून कापायच्या टेबलावर ठेवला. त्याचे स्पीकर गेलेले होते, तेव्हा छोटे स्पीकर घेऊन येतो, असं तो म्हणाला. टेलरबाई म्हणाल्या, कशाला, कापड कधी बोलतं का?

रोज दुपारी दुकान बंद करून त्या बसायला लागल्या. स्क्रीनवर खाली एक लांब पट्टी होती. ती टाइमलाइन. तिच्यावर एकेकाचा तुकडा एकापुढे एक मांडायचा. माऊसने तुकडा उचलला आणि दोन तुकड्यांच्या मधे सोडला, की बाकीचे आपोआप पुढे सरकून जागा देत. हे बघून टेलरबाईंना फार बरं वाटलं. माणसं अशी सरकती तर निम्मी भांडणं झाली नसती, असं पोस्टमास्तर दारातून म्हणाले आणि उत्तर यायच्या आत मागच्या खोलीत गेले.

सगळ्यांचे तुकडे पहिल्या दिवशीच मांडून झाले. शेजारीण सर्वांत आधी, कारण तिला आधी नाही ठेवलं तर ती गल्लीभर सांगत सुटेल. मग भावजय, मग भाऊ. मग स्वतः टेलरबाई. अडलं ते धाकटीच्या तुकड्याशी. आधी त्यांनी तो अगदी शेवटी टाकला. मग वाटलं, शेवट म्हणजे मानाची जागा, सभेत मोठी माणसं शेवटीच बोलतात. तो उचलून शेजारणीच्या पुढे ठेवला. आता तर उद्घाटनच तिच्या हातून झाल्यासारखं दिसायला लागलं. मग भाऊ आणि भावजय यांच्या मधे घातला. नवरा-बायकोच्या मधे नणंद बघून त्यांच्या त्यांनाच कसंसं झालं. तीन दुपारी हेच. तुकडा उचलायचा, सोडायचा, बाकीचे सरकायचे, पुन्हा उचलायचा.

पोस्टमास्तर चहा घेऊन आले आणि म्हणाले, "आमच्या खात्यात एवढ्या बदल्या अख्ख्या वर्षात होत नव्हत्या."

चौथ्या दिवशी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने सहज विचारावं तसं विचारलं, की त्या व्हिडिओत तुम्ही दोघी कुठे कुठे बसलात? टेलरबाई म्हणाल्या, अजून ठरतंय. आई म्हणाली, शेजारी बसा गं, तिथे तरी. फोन ठेवल्यावर टेलरबाईंनी धाकटीचा तुकडा उचलला आणि आपल्या शेजारी, शेवटी, नेऊन सोडला. पुन्हा हलवला नाही.

आता कापणं आणि जोडणं. इथे टेलरबाईंनी जे केलं, ते दुसऱ्या कुठल्याही माणसाच्या हातून झालं नसतं.

शिवताना दोन तुकड्यांच्या कडेला आतल्या बाजूने थोडं जादा कापड ठेवतात. त्याला माया म्हणतात. पुढे कधी कपडा सैल करायचा झाला तर ती लागते. माया न ठेवता जो कापतो तो टेलर नव्हे, न्हावी, असं टेलरबाईंचं मत आहे. आता घरगुती व्हिडिओत काय असतं? शुभेच्छांच्या आधी आणि नंतर माणसं भलतंच काही बोलतात. चालू झालं का, मी नीट दिसतेय का, झालं ना, बंद करा. कुणीही शहाणा माणूस ते कापून फेकतो. टेलरबाईंनी गळ्यातली टेप काढली, स्क्रीनला लावली, काचेवर खडूने खूण केली आणि प्रत्येक तुकड्याला शुभेच्छांच्या दोन्ही बाजूंना बरोबर एकेक इंच माया ठेवून मगच कापलं. स्क्रीनवरचा एक इंच म्हणजे दहा सेकंद होतात, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. इंच तो इंच.

मग त्या पट्टीखाली आणखी एक पट्टी घेऊन तुकडे आलटून पालटून वरच्या आणि खालच्या पट्टीवर मांडले, म्हणजे एकाची शेवटची माया आणि दुसऱ्याची सुरुवातीची माया बरोबर एकाखाली एक आली. शिवणीत येते तशीच. आणि हा जोड बाहेरून दिसू नये म्हणून सगळ्यात वर, जोडावर, आईचा एकेक जुना फोटो लावला. एकाच्या शुभेच्छा संपल्या की आईचा फोटो यायचा, फोटो गेला की दुसरा माणूस बोलायला लागायचा. बघायला इतकं सुबक, की पोस्टमास्तरांनी आपणहून वा म्हटलं. पण फोटोने चित्र झाकतं, आवाज झाकत नाही. फोटोच्या खाली दोन्ही माणसं जे बोलायचं ते बोलतच असतात. हे त्या दोघांना कळायला मार्ग नव्हता, कारण कॉम्प्युटर मुका होता.

शुभेच्छा नेमक्या कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, हे टेलरबाईंनी प्रत्येकाचा तुकडा फोनवर एकदा ऐकून वहीत लिहून घेतलं होतं. त्यांच्या स्वतःच्या तुकड्याच्या शेवटीही थोडं बोलणं होतं. तो पोस्टमास्तरांनी काढला होता. त्यातलंही त्यांनी नियमाप्रमाणे एक इंच ठेवून बाकीचं कापलं. धाकटीचा तुकडा मात्र त्यांनी ऐकलाच नाही. चार वर्षं जी आपल्याशी बोलली नाही, तिचं बोलणं आपण फोनला कान लावून का ऐकायचं? त्यांनी आवाज बंद करून नुसतं बघितलं. धाकटी आधी कुणाशी तरी काही बोलत होती, केसांवरून हात फिरवत होती. मग भाषणाला उभी राहावी तशी ताठ झाली. तिथून शुभेच्छा, असं धरून त्यांनी खूण केली. तेवढ्यासाठी तो तुकडा पुन्हा पुन्हा बघावा लागला, असं त्या म्हणतात. तीस-पस्तीस वेळा का बघावा लागला, ते कुणी विचारलं नाही.

वाढदिवसाला चार वाजता टेलरबाई आणि पोस्टमास्तर भावाकडे पोचले. हॉलमध्ये आई मधल्या खुर्चीत बसली होती, अंगात टेलरबाईंनी शिवलेला नवा निळा झगा. शेजारीण आलेली होती. केक आला, तेव्हा आई म्हणाली, मला नाही उठवत, तूच काप, आणि सुरी भावाच्या हातात दिली. ऐंशी वर्षांच्या बाईचा केक साठीला टेकलेल्या मुलाने कापला. भावजय सारखी स्वयंपाकघरात जात होती, येत होती आणि आत जाताना दार ओढून घेत होती. टेलरबाईंना वाटलं, हिला आजच एवढं काय काम निघालंय? काम असं होतं, की धाकटी कुठेही पंधरा मिनिटं आधी पोचणारी बाई, त्या दिवशी पाऊण तास आधी पोचली होती. का, ते तिने सांगितलं नाही. भावजयीने तिला मागच्या दाराने घेतलं आणि चहा देऊन आत बसवलं होतं. हे टेलरबाईंना नंतर कळलं.

साडेपाचला भावाने टीव्हीवर व्हिडिओ लावला. शेजारीण आली, छान बोलली, दीर्घायुष्य चिंतलं. आईचा पहिला फोटो आला, आणि फोटोतून शेजारणीचाच आवाज म्हणाला, "ऐंशीच का? मला तर पंच्याऐंशीच्या वाटत होत्या." त्याच वेळी भावजयीचा आवाज म्हणत होता, "सासूबाई स्वतः ऐकणार ना हे? मग थांबा, जरा गोड चेहरा करते."

शेजारणीने बशीतल्या केककडे असं बघितलं, जणू तिथे काही लिहिलेलं होतं. पुढच्या फोटोखाली भावजय म्हणाली, "झालं एकदाचं." आणि भावाचा आवाज घुसमटत म्हणाला, "लवकर काढ, पोट आत ओढून धरलंय."

काय झालंय ते टेलरबाईंना एका क्षणात कळलं, आणि शेवटचा जोड कुणाकुणाचा आहे तेही आठवलं. त्या भावाला म्हणाल्या, बंद कर, मशीन बिघडलंय. भावाने रिमोट उचलला. पण आई इतकी हसत होती, की तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. ती म्हणाली, हात लावू नकोस, तोंडावर गोड सगळेच बोलतात, हे कधी ऐकायला मिळतं?

भावाच्या नंतरचा फोटो त्या हसण्यातच निघून गेला आणि पडद्यावर टेलरबाई आल्या. आईला शंभर वर्षं मिळोत, असं म्हणाल्या. मग आईचा शेवटचा फोटो आला, आणि त्या फोटोखाली दोन बायका एकदम बोलायला लागल्या. दोन्ही आवाज सारखेच. कोण काय म्हणतंय, काही कळेना. फोटो गेला, धाकटी ताठ उभी राहून शुभेच्छा देऊ लागली, तेवढ्यात आई म्हणाली, मागे घे, मला कळलं नाही. भावाने मागे घेतलं. आई म्हणाली, अजून एकदा. हॉलमधले सगळे पुढे झुकून ऐकत होते. दुसऱ्या खेपेला लोकांना टेलरबाई कळल्या.

"झालं का हो? बंद केलंत? धाकटीचं आलंय का? आलं असेल तर सांगा. नसेल आलं तर नका सांगू."

तिसऱ्या खेपेला टेलरबाईंनी डोळे मिटून दुसरा आवाज ऐकला. चार वर्षांत पहिल्यांदा.

"थांबा, अजून नको. केस नीट आहेत ना माझे? हे ताई कापणार आहे. म्हणजे दहा-वीस वेळा बघेल मला. बघू दे. तेवढीच भेट."

भाऊ चौथ्यांदा ऐकवायला मागे घेणार, तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि धाकटी बाहेर आली. तिच्या हातात चहाचा कप तसाच होता. ती म्हणाली, "दादा, पुरे." मग टेलरबाईंकडे वळली. "हे तू मुद्दाम ठेवलंस का?"

आता हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, की काय युक्ती केली बाईंनी. चुकून राहिलं म्हटलं असतं तरी चाललं असतं. टेलरबाईंच्या तोंडून निघालं ते चाळीस वर्षांच्या सवयीने निघालं.

"कॉम्प्युटरने केलं ते. मी नीट झाकलं होतं."

धाकटी हळू म्हणाली, "अजून कापडच आटतंय का, ताई?" तिने कप टीव्हीशेजारी ठेवला आणि पर्स खांद्याला लावली. दारापर्यंत गेली आणि तिथून मागे वळली. "मी त्या टेलरकडे का गेले, माहीत आहे? कोट घट्ट झालाय, हे तुला सांगायची मला भीती वाटली. आठशे पोरं मला घाबरतात आणि मी तुला."

टेलरबाईंनी भावाकडे बघितलं. भावाला नेहमीप्रमाणे काहीच दिसत नव्हतं. त्यांनी पोस्टमास्तरांकडे बघितलं. पोस्टमास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मी पण," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. आई म्हणाली, "हा झगा सकाळपासून काखेत काचतोय. हात वर होत नाही माझा. केक कापता आला नाही. म्हटलं, आता कोण सांगणार हिला?"

हे सांगताना ती अपराध्यासारखी बघत होती. ऐंशी वर्षांची बाई, स्वतःच्या वाढदिवसाला, स्वतःच्या मुलीकडे. टेलरबाईंना आत कुठेतरी फार लागलं. त्यांनी पर्समधून टेप आणि छोटी कात्री काढली, आईला उठवलं आणि आतल्या खोलीत घेऊन गेल्या. दाराशी पोचल्यावर मागे न बघता म्हणाल्या, की आत दिवा अंधूक आहे, कुणीतरी उजेड धरायला या. कुणीतरी म्हणजे कोण, हे कुणाला सांगावं लागलं नाही. भावजयीने धाकटीच्या खांद्यावरची पर्स काढून घेतली.

आतल्या खोलीत आई पलंगाच्या कडेला बसली. धाकटीने फोनचा दिवा लावला आणि काखेजवळ धरला. टेलरबाईंनी आईचा हात जरा उचलला आणि बाहीच्या मुंढ्याला टेप लावली. एकदा लावली, पुन्हा लावली. आईची कातडी तिथे लाल झाली होती. धाकटी वाट बघत होती, ते टेलरबाईंना समजत होतं. कापड आटण्याची वाट बघत होती. आईही बघत होती. झगा त्या सकाळीच पहिल्यांदा अंगात घातलेला, त्याला अजून पाणी लागलेलं नव्हतं. आणि माप घेतल्यापासून महिन्याभरात आई जाड झाली म्हणावं, तर ती वर्षभर वाळतच चालली होती.

टेलरबाईंनी टेप गुंडाळली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "पाऊण इंच कमी घेतलंय." मग कात्रीचं टोक शिवणीत घालून पहिला टाका तोडला आणि मान खाली ठेवूनच पुढचं म्हणाल्या. "तुझ्या कोटालाही तेवढंच कमी घेतलं होतं. मला तेव्हाच दिसलं होतं."

आईने दुसऱ्या हाताने धाकटीचं मनगट धरलं. धाकटी रडत होती, त्यामुळे उजेड हलत होता, आणि टेलरबाईंना दोनदा सांगावं लागलं की नीट धर गं, मला टाका दिसत नाहीये.